डब्याचं लाल झाकण

डॉक्टरांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"अम्माजी, दायीं आँख बंद कीजिए. बायीं से बताइए, कौन सा रंग है?"

"लाल," मी म्हणाले. बालवाडीतसुद्धा मला एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"अब बायीं बंद. दायीं से."

उजव्या डोळ्यानं पाहिलं. तेच झाकण, तोच हात, हातावरचं तेच घड्याळ. पण लाल गेलेला. तिथं विटेचा रंग होता, आणि वीटही अशी, की बरीच वर्षं उन्हात पडून राहिलेली.

"झाकण बदललंत ना?" मी मराठीतच विचारलं. डॉक्टरांना मराठी येत नाही, पण संशयाची भाषा सगळ्यांना कळते. त्यांनी हसून मान हलवली.

डोळ्याची नस दबली की सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो, असं त्यांनी समजावलं. मला फार आनंद झाला. सत्तर वर्षं डोळे वापरले आणि ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती! लाल आधी का, मग पिवळ्याचं काय, माणसाला ते आपलं आपण का कळत नाही, असे मी एकामागून एक प्रश्न विचारले. बाहेर लिफ्टशी आल्यावर मात्र बटण दाबायचंच राहून गेलं. लाल आधी जातो, म्हणजे नंतर बाकीचेही जाऊ शकतात, हे तिथं उशिरा डोक्यात शिरलं. डोकं नुकतंच उघडून बंद केलेलं होतं, त्यामुळे उशीर माफ.

झालं होतं असं. उजव्या भुवईच्या मागे, मेंदूच्या आवरणावर एक गाठ सापडली होती. लिंबाएवढी, साधी, कॅन्सरची नव्हे. शस्त्रक्रियेत बहुतेक सगळी निघाली. पण तिचा एक तुकडा डोळ्याच्या नसेला बिलगून बसलेला. तो ओढून काढावा, तर नस जाणार. म्हणून त्यांनी तो तिथंच ठेवला आणि आता त्याच्यावर किरण सोडायचे ठरले. सुट्टीचे वार सोडून रोज, पाच-सहा आठवडे. उजवा डोळा राहतो की जातो, एवढाच काय तो प्रश्न होता. बाकी जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमचे हे तेवढ्यावर खूश झाले. डोळा त्यांचा नव्हता.

ह्यांची बँकेतली शेवटची बदली लखनौला झाली असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे पहिलीही इथंच झाली होती. मधे बरीच गावं फिरून आम्ही परत लखनौच्या अलीगंजात येऊन टेकलो. तर ऑपरेशनची बातमी फोनवरून कोल्हापूरला गेली आणि तिथून माझ्या वन्सं निघाल्या. ह्यांची थोरली बहीण. वय माझ्यापेक्षा जास्त, गुडघे माझ्यापेक्षा बरे. एकट्या दोन गाड्या बदलून आल्या. त्यांच्या पिशवीत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा आणि लाल झाकणाचा एक मोठा डबा होता.

"वन्सं, हे काय? मी बाळंत नाही झाले."

"डोक्यातून काढलं काय आणि पोटातून काढलं काय," त्या म्हणाल्या, "अंग रिकामं झालं की बाळंतीणच. गप बस आणि कान बांध."

कानाला फडकं, प्यायला ओव्याचं पाणी, जेवणावर बाळंतशोपा, आणि सकाळ-संध्याकाळ लाडू. आमची नात कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तिनं माझा एकूण अवतार पाहिला आणि पलंगाशी येऊन म्हणाली, "बधाई हो आजी! लड़का हुआ या लड़की?"

"गाठ झाली," मी म्हणाले. "हट्टी आहे. पूर्ण बाहेर यायला तयार नाही. आईवर गेलीय."

माझं खरं बाळंतपण याच गावात झालं, तेव्हाही वन्सं असेच लाडू घेऊन आल्या होत्या. त्या वेळी आमच्या घरात एक चोवीस वर्षांची बी.एस्सी. झालेली बाई राहत असे. तिला मी आता लांबूनच ओळखते. तिला सगळं ठाऊक होतं. डिंकानं काही होत नाही, तूप वाईट, लाडवानं बाई बेढब होते. तोंडावर वन्संना 'छान झालेत हं' म्हणायची आणि दुपारी गच्चीवर जाऊन माकडांना घालायची. त्या हिवाळ्यात अलीगंजातली माकडं कशी तुकतुकीत झाली होती! आणि हीच विदुषी डॉक्टरीणबाईंपुढे मात्र तोंड उघडत नसे. त्या काहीही बोलल्या की मान हलवायची. टाके किती दिवसांनी काढायचे, एवढंही तिनं विचारलं नव्हतं. वन्संनी विचारलं.

किरण सोडण्याआधी मुखवटा करतात. मुखवटा म्हणजे चेहऱ्यावर बसणारी जाळी. रोज डोकं अगदी त्याच जागी यायला हवं, म्हणून ती चेहऱ्यावरून घालून खाली टेबलाला खिट्ट करून अडकवतात. करण्याची रीत इतकी मजेदार की मी जन्मभर विसरणार नाही. प्लॅस्टिकचा एक पांढरा कडक पत्रा गरम पाण्यात टाकला. बघता बघता तो मऊ, पारदर्शक झाला. तिथल्या टेक्निशियन पोरीनं आणि तिच्या जोडीदारानं तो चारी बाजूंनी धरून उचलला, तेव्हा मला चौकातल्या दुकानात रुमाली रोटी हवेत ताणतात त्याचीच आठवण झाली. ती रोटी माझ्या चेहऱ्यावर आली. गरम, ओली, बरी वाटणारी.

"आंटी जी, चेहरा ढीला छोड़िए. हिलिए मत."

'हिलिए मत' म्हटल्याबरोबर माझ्या चेहऱ्यानं माझी परवानगी न घेता एक काम केलं. त्यानं गाल आत ओढले.

याला ती चोवीसचीही नव्हे, तिच्याही आधीची एकवीसची बाई जबाबदार. लग्नासाठी फोटो काढायचा होता. चेहरा गोल दिसू नये म्हणून कोणा मैत्रिणीनं तिला युक्ती शिकवली, फोटोग्राफर 'हलू नका' म्हणाला की गाल दाढांमध्ये ओढून धरायचे. तेव्हापासून मी कुठल्याही कॅमेऱ्यापुढे तेच करत आले. लग्नाचा अल्बम, पासपोर्ट, आधार कार्ड, सगळीकडे मी तीन दिवस उपाशी असल्यासारखी दिसते. आता तो मुखवटाही तसाच थंड झाला आणि कडक झाला. जाळीत उतरलेला माझा चेहरा कसा नाजूक दिसत होता! मला आपला अभिमानच वाटला.

उपचार सुरू झाले. दुखत काहीच नाही. झोपायचं, मुखवटा खिट्ट, सगळे बाहेर पळतात, जाड दार बंद होतं आणि यंत्राचं मोठं डोकं तुमच्याभोवती सावकाश फिरतं. मी डोळे मिटून होते. आणि एकदम मिटल्या डोळ्यांपुढे निळा उजेड चमकला. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात पहिल्यांदा सुटते ना, तसा. त्यासोबत नाकात ब्लीचिंग पावडरचा वास.

बाहेर आल्यावर टेक्निशियनला विचारलं, "बेटा, अंदर नीली बत्ती है क्या?"

"नहीं आंटी जी. कुछ लोगों को दिखती है."

तेवढ्यानं माझं भागेना. डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, किरण डोळ्याच्या आतल्या पाण्यासारख्या भागातून जातात, तेव्हा तिथल्या तिथंच तो उजेड तयार होतो.

"म्हणजे बाहरसे नहीं आता? घर का बना हुआ?"

"जी, बिलकुल घर का बना."

मी घरापर्यंत खिडकीतून बाहेर बघत, गालात हसत आले. इतकी वर्षं डोळ्यांना बाहेरून उजेड पुरवला, आता ते घरी करायला लागले. ही गोष्ट मी ह्यांना, नातीला, भाजीवाल्या भैयाला आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगितली. गॅसवाल्याला सगळ्यात जास्त पटली.

पण घरी आले की हसू संपायचं आणि मी स्वयंपाकघरात जायची. फळीवर वन्संचा डबा होता. त्याचं झाकण बाटलीच्या झाकणासारखंच लालभडक. आधी डाव्या डोळ्यानं पाहायचं, लाल. मग उजव्यानं. वीट. खिडकीशी नेऊन पाहायचं. वीट. सकाळी वेगळं दिसेल, जेवल्यावर वेगळं दिसेल, डोळे धुतल्यावर वेगळं दिसेल. घरातल्या कोणाला हे सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी डबाच लपवला असता, ते काळजी अशीच करतात.

आता मुद्दा असा, की लाडवांचा डबा एकदा खाली काढला की नुसतं झाकण बघून परत ठेवायचा, हे कोणाच्या घरी होतं? त्यात मेंदूची सूज उतरायला दिलेल्या गोळ्यांची भूक. ती भूक साधी नव्हती. जेवून उठताना पुढच्या जेवणाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी यायचं. एकेका तपासणीला एकेक लाडू, असा हिशेब पडला. आणि मी तपासण्या फार करत होते.

वन्सं तर धन्य झाल्या. "खातेस की आता! तेव्हा नुसती चिमणीसारखी चिवडायचीस."

चेहरा फुगायला लागला. नात म्हणाली, "आजी, तुम्हारा फ़ेस फ़ुटबॉल हो गया है, यार." मुखवटा आवळायला लागला. काढल्यावर जाळीची खूण कपाळा-गालांवर बराच वेळ राहायची. "बढ़िया है," नातीनं जवळ येऊन निरखलं, "पूरे चेहरे पर चिकन की कढ़ाई वाला जाली वर्क. चौक में ऐसा काम आजकल नहीं मिलता."

मी हसले. आवळतंय हे मात्र तिथं कोणाला बोलले नाही. सगळं विचारणारी मी, एवढं एक सांगितलं नाही. बोललं तर लाडू बंद होतील आणि लाडू बंद झाले तर डबा सारखा काढायला कारण उरणार नाही, असं काहीतरी त्या फुगलेल्या डोक्यात असावं.

एके दिवशी ह्यांना ताप होता, म्हणून सोबत वन्सं आल्या. आत मुखवटा घातला आणि खिट्ट होईना. टेक्निशियननं दाबलं, जोडीदारानं दाबलं. एकीकडे बसलं तर दुसरीकडे उचललं. कसंबसं अडकवून त्यांनी आतला फोटो घेतला, तर तो पहिल्या फोटोशी जुळेना. डोकं किंचित वळलेलं. त्यांनी यंत्र चालूच केलं नाही. मला उठवून बाहेर बसवलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"इन गोलियों से चेहरा फूलता है," डॉक्टर म्हणाले. "लेकिन इतनी? अम्माजी, मीठा-वीठा तो नहीं खा रहीं?"

"छे, छे," मी म्हणाले. "नाममात्र."

"क्या नाममात्र?" माझ्यामागून वन्संचा ठणठणीत आवाज आला. त्यांना वाटलं, त्यांच्या हातच्या लाडवांचा अपमान चाललाय. "रोज का चार लड्डू खाती है! डिंक का! मैं खुद बनाती. घी एकदम अस्सल!"

टेक्निशियन पोरगी तोंड फिरवून हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि शांतपणे सांगितलं. तो उरलेला तुकडा आणि नस शेजारी-शेजारी आहेत. डोकं एवढंसं जरी वळलं तरी किरण तुकड्याला चुकतील आणि नसेला लागतील. मग ज्या डोळ्यासाठी हे सगळं चाललंय, तोच आपण आपल्या हातानं घालवू. आता नवा मुखवटा, नवा स्कॅन, सगळी मोजणी पुन्हा. तोवर काही दिवस उपचार बंद.

"तेवढ्या दिवसांत तो तुकडा वाढला तर?" मी विचारलं. मराठीतच. हिंदी सुचेना.

वन्संनी त्यांच्या हिंदीत ते पोचवलं. डॉक्टर म्हणाले, ही गाठ फार सावकाश वाढणारी आहे, काही दिवसांनी फरक पडत नाही. मी मान हलवली. त्या चोवीसच्या बाईसारखी. 

वन्सं मात्र टेबलापाशी गेल्या होत्या. त्यांनी मुखवटा उचलून उजेडात धरला. "चोळी घट्ट झाली तर उसवतात की. एवढ्याला नवी कशाला?"

"अम्मा, इसमें सिलाई नहीं होती," टेक्निशियन म्हणाली.

वन्संनी तो फिरवून पाहिला, आत बोटं घालून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत मुखवट्याकडे. "काय गं, गालांत हे खळगे कसले? हे लाडवाच्या आधीचं माप ना? लाडवाच्या आधी तरी तुझे गाल असे कधी होते?"

मी दोन्ही गालांवर हात ठेवले.

"फोटोत होते," त्याच पुढे म्हणाल्या. "तुझा फोटो आला तेव्हा आई म्हणाली, पोरगी आजारी दिसतेय, गाल बसलेत, नको. मी म्हटलं, अगं, ओढून धरलेत तिनं. ओठ बघ कसे झालेत, शीळ घातल्यासारखे. असल्या उचापती करणारी पोरगी आपल्या मुखदुर्बळ धाकट्याला बरी."

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या फोटोवर मी पसंत पडले असं समजून जन्मभर गाल ओढत आले, त्या फोटोनं माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं! मला हसायला यायला लागलं. टाक्यांच्या जागी ओढ बसली तरी थांबेना. "क्या हुआ, क्या हुआ?" म्हणून टेक्निशियन विचारत होती. वन्संनी तिला स्वतःचे गाल आत ओढून दाखवले. मग डॉक्टरही हसले.

नवा मुखवटा करताना वन्संना दारात उभं राहू दिलं. पत्रा गरम पाण्यातून निघाला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मांडा!" रुमाली रोटी आहे, मांडा नव्हे, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण तोवर तो चेहऱ्यावर आला होता.

"हिलिए मत."

"गाल सोड!" दारातून आवाज.

मी सोडले. सत्तर वर्षांचे, चार लाडवांचे, गोळ्यांचे, सगळे गाल त्या गरम जाळीत सांडले. थंड झाल्यावर तयार झालेला चेहरा पाहिला, तर तो थेट माझ्या आईचा. गोल, बसका, कोणाचं काही न ऐकणारा.

मधले दिवस कठीण गेले. गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी कमी केला. वन्संनी लाडू बंद करून मुगाचं कढण सुरू केलं. उरलेले लाडू परातीत काढले आणि मला म्हणाल्या, "जा, गच्चीवर माकडांना घालून ये. त्यांना सवय आहे."

म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. विचारायची सोय नव्हती. मी परात घेऊन वर गेले.

रिकामा डबा घासून फळीवर ठेवलेला. दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी तो काढला आणि खिडकीशी उभी राहिले. डावा डोळा मिटला. वीट.

"त्यात काही नाहीये," मागून वन्सं म्हणाल्या. "आता कशाला हुंगतेस?"

मी दचकले. डबा सांभाळला, पण झाकण हातातून सुटून फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. मग सांगून टाकलं. लाल आधी जातो ते, विटेचं, दिवसातून कितींदा बघते ते.

त्यांनी आधी माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग वाकून झाकण उचललं, पदरानं पुसलं. "मी म्हणत होते, पोरीला एकदाची भूक लागलीय. तू झाकणच बघत होतीस होय?"

"लाडूही खात होते की."

"ते दिसतंयच." मग आवाज बदलून म्हणाल्या, "एवढ्यांदा बघून काय कळणार? शिजतंय का ते बघायला झाकण सारखं उघडलं, तर भात कच्चा राहतो. इथून पुढं सकाळी एकदा, मी धरीन. मधे बघायचं नाही."

तेव्हापासून त्या रोज सकाळी चहाच्या आधी झाकण घेऊन समोर बसायच्या. डॉक्टरांपेक्षा कडक. एकदा मी उगाच 'लाल' म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच पिठाच्या डब्याचं हिरवं झाकण धरलं, मी खरं बोलते का बघायला.

उपचार पुन्हा सुरू झाले. मुखवटा खिट्ट बसायचा. टेक्निशियन रोज कानाशी येऊन म्हणायची, "आंटी जी, गाल सोड!" मराठीतला तेवढाच धडा ती शिकली, पण उच्चार स्वच्छ. निळा उजेड रोज यायचा आणि मी त्याला रोज नव्यानं बघायची. किरणांनी कानाच्या वरचे केस गेले. भुवईही थोडी गेली. शेवटच्या दिवशी मुखवटा घरी नेऊ का विचारलं, तर टेक्निशियन म्हणाली, न्या. वन्संनी तो अंगणातल्या तुळशीच्या रोपावर थंडीसाठी पालथा घातला. आईच्या चेहऱ्यातून तुळस डोकावते आता.

डोळ्याचं काय, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, किरणांचं काम आता कुठे सुरू झालंय, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. विटेचं झाकण वीटच होतं, की जरा उजळ होतं, हे मला आणि वन्संना ठरवता येत नव्हतं. रोज बघणाऱ्याला वाढतं मूल कळत नाही, असं त्या म्हणाल्या आणि झाकण आठवडाभर कपाटात कुलूप लावून ठेवलं.

मग त्यांची निघायची वेळ आली. चारबाग स्टेशनवर हे तिकीट हातात धरून गाडीचा डबा शोधत फलाटावर पुढे गेले होते. मी आणि वन्सं सामानापाशी. गर्दीतून हमाल चालले होते. लाल सदरे, डोक्यावर बॅगा. झाकण कुलपात होतं, पण हे सदरे कोणी कुलपात घातले नव्हते. मी आधी उजवा डोळा मिटला. डाव्यानं मिरचीसारखा लाल. मग डावा मिटला. नीट बघावं म्हणून पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

एक धिप्पाड हमाल थबकला, इकडे-तिकडे पाहिलं आणि थेट माझ्यापाशी आला. "अम्मा, इशारा किया आपने?"

ती एकवीसची बाई असती तर लाजेनं फलाटाखाली गेली असती. मी म्हणाले, "हाँ बेटा, किया. ज़रा पास आओ, रंग देखना है." आणि त्याच्या सदऱ्यापुढे जाऊन डावा डोळा पुन्हा मिटला.

"अगं, काय चाललंय तुझं!" वन्संनी माझा दंड धरला. मग त्यांच्या लक्षात आलं. दंड सोडला नाही, पण आवाज खाली आला. "कसा दिसतो? खरं सांग. वीट?"

"वीट नाही," मी म्हणाले. "मिरचीही नाही. गाजर."

"कसलं गाजर? आपल्याकडचं पिवळट की इथलं?"

"इथलं. थंडीतलं लाल."

वन्संनी एकदा सदऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हमालाला म्हणाल्या, "उठाओ, बेटा. दोनों बॅग." आणि तो वाकला, तरी मी त्याच्या पाठीकडे एकाच डोळ्यानं बघत राहिले.